छोटी हायब्रिड घेताय? क्रॅश टेस्टचा रिपोर्ट असा वाचा

छोटी हायब्रिड गाडी घ्यायला निघालेला माणूस सुरक्षेबद्दल बोलायला लागला की पहिला प्रश्न बहुतेक वेळा बॅटरीचा असतो. धडक बसली तर शॉक लागेल का? गाडी पेट घेईल का? दुसरा प्रश्न क्रॅश टेस्टमध्ये मिळालेल्या स्टारचा. पाच स्टार आहेत असं कळलं की तो विषय तिथेच मिटतो. गाडीचं वजन किती, धडकेत सांगाडा टिकला का, चाचणी कोणत्या साली झाली, हे विचारायचं राहूनच जातं. माझ्या मते काळजीचा हा क्रम उलटा करायला हवा: आधी वजन, मग चाचणी कधीची आणि कुठली, मग सांगाडा, आणि बॅटरी त्यानंतर.

ज्यांनी आजवर क्रॅश टेस्टचा एकही रिपोर्ट उघडलेला नाही, त्यांच्यासाठी हे लिहितोय. काम एका संध्याकाळचं आहे. सातव्या पायरीसाठी मात्र गाडीजवळ जावं लागेल.

पायरी १: ही नेमकी कोणती हायब्रिड आहे?

‘हायब्रिड’ या एका शब्दाखाली तीन वेगळ्या गाड्या विकल्या जातात. माइल्ड हायब्रिडमध्ये बहुधा ४८ व्होल्टची किंवा त्याहून कमी व्होल्टची छोटी बॅटरी असते आणि ती इंजिनाला फक्त हातभार लावते. फुल हायब्रिड थोडं अंतर निव्वळ विजेवर जाऊ शकते. तिची बॅटरी शेकडो व्होल्टची असते. दुसऱ्या आणि तिसऱ्या पिढीच्या टोयोटा प्रियसमध्ये ती सुमारे २०० व्होल्टची होती आणि मोटरला देताना विजेचा हा दाब अडीच-तीन पट वाढवला जायचा. तिसरी प्लग-इन हायब्रिड. तिची बॅटरी आणखी मोठी आणि ती बाहेरून चार्ज करता येते.

हा फरक आधी का बघायचा? धडकेनंतरच्या विद्युत सुरक्षेच्या नियमांमध्ये ६० व्होल्ट डीसी ही सीमारेषा आहे. त्याखालचा दाब माणसासाठी जीवघेणा मानत नाहीत. म्हणजे तुमची गाडी ४८ व्होल्टची माइल्ड हायब्रिड असेल, तर शॉकची चिंता जवळजवळ सोडून द्या आणि साध्या पेट्रोल गाडीसारखाच तिचा विचार करा. फुल किंवा प्लग-इन असेल तर बॅटरी कुठे बसवली आहे ते माहितीपत्रकातून किंवा मॅन्युअलमधून शोधून लिहून ठेवा. आजच्या बऱ्याच छोट्या हायब्रिडमध्ये ती मागच्या सीटखाली असते, जुन्या गाड्यांमध्ये डिकीकडे. ही नोंद पुढे दोनदा लागणार आहे.

पायरी २: वजन लिहा आणि समोरून येणाऱ्या गाडीचा विचार करा

माहितीपत्रकात ‘कर्ब वेट’, म्हणजे माणसं-सामान सोडून गाडीचं वजन, असा एक आकडा असतो. छोट्या हायब्रिडचा तो साधारण अकराशे-बाराशे किलोच्या आसपास येईल. हा आकडा स्टारपेक्षा आधी लिहायचा, कारण स्टार त्याच्याबद्दल फार थोडं सांगतात.

हिशेब करून बघू. ११०० किलोची छोटी गाडी आणि १९०० किलोची मोठी गाडी, दोन्ही ताशी ५० किलोमीटरने समोरासमोर आल्या आणि धडकून एकमेकींत अडकल्या. धडकेनंतर दोन्ही मिळून जड गाडीच्या दिशेने ताशी साधारण १३ किलोमीटरने सरकतील. मोठ्या गाडीचा वेग ५० वरून १३ वर आला, म्हणजे ३७ ने बदलला. छोट्या गाडीचा वेग आधी ५० वरून शून्यावर आला आणि वर १३ ने उलटा झाला, म्हणजे ६३ ने बदलला. हे सगळं दोघींच्या बाबतीत सेकंदाच्या जेमतेम दहाव्या भागात घडतं. आतल्या माणसाच्या बरगड्यांना आणि मानेला सोसावा लागतो तो हा वेगातला बदल. ३७ आणि ६३ यांत किती अंतर आहे हे मुद्दाम सांगायला नको.

अमेरिकेतल्या आयआयएचएस या विमा कंपन्यांच्या संशोधन संस्थेने २००९ मध्ये हे प्रत्यक्ष करून दाखवलं. होंडा फिट विरुद्ध होंडा अकॉर्ड, टोयोटा यारिस विरुद्ध टोयोटा कॅमरी, स्मार्ट फोरटू विरुद्ध मर्सिडीज सी-क्लास, अशा एकाच घरातल्या लहान-मोठ्या जोड्या त्यांनी समोरासमोर आदळवल्या. तिन्ही छोट्या गाड्यांना त्याच संस्थेच्या अडथळ्यावरच्या चाचणीत ‘गुड’ हा वरचा शेरा मिळालेला होता. मोठ्या गाडीशी टक्कर झाल्यावर तिघींचा शेरा ‘पुअर’ निघाला.

इथून एक नियम घ्या. स्थिर अडथळ्यावरची समोरची धडक म्हणजे साधारणपणे आपल्याच वजनाच्या गाडीशी झालेली टक्कर. म्हणून समोरच्या धडकेचे स्टार एकाच वजनगटातल्या गाड्यांमध्ये ताडून बघायचे. पाच स्टारची छोटी गाडी आणि पाच स्टारची दोन टनी गाडी सारख्याच सुरक्षित, असा अर्थ त्यातून काढू नका.

छोट्या हायब्रिडच्या बाजूने एक गोष्ट नक्की सांगता येते. बॅटरी आणि मोटरमुळे ती आपल्याच पेट्रोल भावंडापेक्षा जड असते. आयआयएचएसच्या आकडेवारी शाखेने २०११ मध्ये हायब्रिड गाड्या आणि त्यांच्याच साध्या आवृत्त्या यांची तुलना केली. हायब्रिड सरासरी १० टक्के जड होत्या, आणि त्यांच्यातल्या माणसांना अपघातात इजा होण्याची शक्यता २५ टक्के कमी आढळली. लोक ज्या बॅटरीला घाबरतात, तिचं वजनच आतल्या माणसाच्या कामी येतं!

पायरी ३: चाचणी कोणाची, कधीची, कोणत्या आवृत्तीची?

गाडीचं नाव आणि स्टार एवढं वाचून थांबू नका. रिपोर्टमधल्या तीन नोंदी शोधा.

पहिली नोंद संस्थेची. अमेरिकी सरकारच्या एनएचटीएसए या रस्ते-सुरक्षा संस्थेने १९७९ मध्ये अशा चाचण्या सुरू केल्या. युरो एनकॅप या युरोपातल्या चाचणी-कार्यक्रमाचे पहिले निकाल १९९७ मध्ये आले, ग्लोबल एनकॅप २०११ मध्ये स्थापन झाली, भारत एनकॅप २०२३ मध्ये सुरू झाली. जपान, ऑस्ट्रेलिया, लॅटिन अमेरिका यांचे आपापले कार्यक्रम आहेत. प्रत्येकाचे पाच स्टार वेगळ्या प्रश्नपत्रिकेचे आहेत. एकाचे पाच आणि दुसऱ्याचे चार शेजारी ठेवून निष्कर्ष काढता येत नाही.

प्रश्नपत्रिका वेगळी म्हणजे काय, ते एका उदाहरणाने सांगतो. एनएचटीएसए गाडी ताशी ५६ किलोमीटरने सरळ भिंतीवर नेते. गाडीची पूर्ण रुंदी भिंतीला लागते. नाकाचा सगळा भाग भार वाटून घेतो, त्यामुळे सांगाड्याला फार त्रास होत नाही, पण गाडी झटक्यात थांबते आणि सीटबेल्ट व एअरबॅगची परीक्षा होते. आयआयएचएसच्या १९९५ पासूनच्या चाचणीत ताशी ६४ किलोमीटर वेगाने गाडीच्या रुंदीचा फक्त ४० टक्के भाग अडथळ्याला लागतो. आता अर्ध्याहून कमी नाकाने सगळा मार खायचा असतो, म्हणून परीक्षा सांगाड्याची होते. २०१२ मध्ये त्यांनी २५ टक्क्यांची चाचणी आणली, जिच्यात अडथळा मुख्य आडव्या-उभ्या सळयांच्या बाहेरून, चाकाच्या दिशेने आत घुसतो. २०१४ च्या सुरुवातीला ११ अतिछोट्या गाड्या या चाचणीतून गेल्या आणि त्यांतल्या फक्त एकीला ‘अ‍ॅक्सेप्टेबल’ हा दुसऱ्या क्रमांकाचा शेरा मिळाला. बाकीच्या सगळ्या त्याखाली.

आणि ५६ ते ६४ हा फरक किरकोळ समजू नका. ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, त्यामुळे ६४ ला ती सुमारे ३० टक्के जास्त असते. ताशी ६४ किलोमीटर म्हणजे १६ मीटरवरून, साधारण पाच मजल्यांवरून, गाडी नाकावर सोडून देणं.

दुसरी नोंद सालाची, आणि नवख्यांची सगळ्यात जास्त फसगत इथे होते. फियाट पुंटोला २००५ मध्ये युरो एनकॅपचे पाच स्टार होते. तीच गाडी फारशी न बदलता विकली जात राहिली आणि २०१७ मध्ये पुन्हा तपासल्यावर तिला शून्य स्टार मिळाले. शून्य मिळालेली ती पहिली गाडी. रेनो झोई या छोट्या इलेक्ट्रिक गाडीचं उदाहरण मला जास्त अस्वस्थ करतं: २०१३ मध्ये पाच स्टार, २०२१ मध्ये शून्य. इथे नुसते नियम कडक झाले नव्हते. मधल्या काळात डोकं आणि छाती दोन्ही वाचवणारी बाजूची एअरबॅग काढून फक्त छातीपुरती बसवली गेली होती. गाडीचं नाव तेच, आणि आत मात्र संरक्षण कमी. म्हणून ‘या गाडीला पाच स्टार आहेत’ हे वाक्य ऐकलं की लगेच साल विचारा. सहा-सात वर्षांपेक्षा जुना निकाल असेल तर तो नव्या गाडीच्या निकालाशेजारी ठेवू नका.

तिसरी नोंद आवृत्तीची. तपासलेली गाडी हायब्रिड होती की पेट्रोल? किती एअरबॅग होत्या? कोणत्या बाजारपेठेसाठी बनवलेली होती? युरो एनकॅपच्या रिपोर्टमध्ये निकाल कोणकोणत्या आवृत्त्यांना लागू आहे याचा तक्ता असतो. तुमची हायब्रिड आवृत्ती त्यात आहे का, ते बोट ठेवून बघा. नसेल तर तो निकाल तुमच्या गाडीचा नाही. सहा एअरबॅगच्या गाडीचा निकाल दोन एअरबॅगच्या आवृत्तीला लावणं ही तर अगदी सर्रास होणारी चूक आहे.

या तिन्ही नोंदी नीट जुळतात असं एक उदाहरण म्हणजे २०२० ची टोयोटा यारिस. युरो एनकॅपच्या त्या वर्षीच्या नव्या, कडक नियमांखाली तपासलेली ती पहिली गाडी, तपासली तीही हायब्रिड, आणि तिला पाच स्टार मिळाले. त्या नियमांतली समोरची चाचणी छोट्या गाडीसाठी विशेष महत्त्वाची आहे. तिच्यात गाड्यावर बसवलेला १४०० किलोचा अडथळा ताशी ५० ने समोरून येतो आणि गाडीही ५० ने जाते. ११०० किलोच्या गाडीला इथे आपल्यापेक्षा जड प्रतिस्पर्धी मिळतो. मघाचाच हिशेब लावला तर तिचा वेग सुमारे ५६ ने बदलतो. दुसऱ्या पायरीतला वजनाचा प्रश्न या चाचणीत थोडा तरी विचारला जातो, म्हणून छोट्या गाडीसाठी २०२० नंतरचा युरो एनकॅपचा निकाल मिळाला तर मी त्याला जास्त वजन देतो.

पायरी ४: आकडे मागून, आधी व्हिडिओ

रिपोर्टसोबत चाचणीचा व्हिडिओ असतोच. तो पाव वेगाने लावा आणि आवाज बंद करा. नाक अडथळ्यात शिरतं, बंपर दिसेनासा होतो, बॉनेट मधोमध दुमडून तंबूसारखं उभं राहतं, पुढची काच जाळीसारखी पांढरी होते. इथपर्यंत बिघडलं काहीच नाही. नाक चुरगळायलाच हवं. चुरगळताना ते धडकेची ऊर्जा खातं. मर्सिडीज-बेंझमधले अभियंते बेला बारेनी यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला हाच विचार मांडला: टोकं मऊ, मधला डबा, म्हणजे माणसं बसतात तो भाग, कडक. ‘जुन्या गाड्या काय दणकट होत्या’ असं म्हणणाऱ्यांना आयआयएचएसची २००९ मधली दुसरी एक टक्कर दाखवा. १९५९ ची शेव्हरोले बेल एअर आणि २००९ ची शेव्हरोले मॅलिबू समोरासमोर. जुन्या गाडीचा डबाच आत बसला, नवीचा राहिला.

आता नजर पुढच्या काचेच्या कडेच्या खांबावर आणा, ज्याला ए-पिलर म्हणतात. व्हिडिओ एकेक फ्रेम पुढे सरकवा. खांब मागे झुकतोय का? तो छताला मिळतो त्या कोपऱ्यात पत्र्याला घडी पडतेय का? पुढच्या दरवाज्याची वरची कड सरळ आहे की मधून धनुष्यासारखी वाकतेय? दरवाजा आणि मागचा खांब यांच्यातली फट बदलतेय का? या चारही ठिकाणी काही हललं नाही, तर डबा टिकला. घडी पडली किंवा दरवाजा धनुष्य झाला, तर आतली जागा कमी झाली. मग एअरबॅग कितीही असोत, पाय आणि मांड्या अडकणार. धडकेनंतर चाचणी करणारे दरवाजा उघडायला किती जोर लागतो तेही बघतात. सहज उघडला तर चांगली खूण.

ग्लोबल एनकॅपच्या रिपोर्टमध्ये हे एका वाक्यात दिलेलं असतं: सांगाडा स्थिर की अस्थिर. आयआयएचएसकडे सांगाड्यासाठी स्वतंत्र शेरा असतो. मला एकच ओळ वाचायची मुभा दिली, तर मी स्टार सोडून ही ओळ वाचेन. अस्थिर लिहिलं असेल तर ती गाडी माझ्या यादीतून तिथेच बाद.

मग बाहुल्यांच्या, म्हणजे डमींच्या रंगीत आकृत्या बघा. युरो एनकॅपच्या आकृतीत हिरवा सर्वात चांगला, मग पिवळा, नारिंगी, तपकिरी आणि शेवटी लाल. डोकं, छाती, मांडी, नडगी असा प्रत्येक भाग वेगळा रंगवतात. नडगीवरचा पिवळा आणि छातीवरचा पिवळा यांचं वजन सारखं नसतं. मोडलेली नडगी जुळते. छातीवर नारिंगी दिसला तर मी त्या गाडीबद्दल पुन्हा विचार करेन. डमीच्या चेहऱ्याला आणि गुडघ्यांना धडकेआधी ओला रंग फासलेला असतो. धडकेनंतरच्या फोटोत तो कुठे उमटला ते शोधा. एअरबॅगच्या मधोमध चेहऱ्याचा गोल ठसा दिसला तर डोकं बरोबर जागी झेललं गेलं. ठसा कडेला घसरलेला असेल, किंवा रंग दरवाज्याच्या खांबावर दिसत असेल, तर डोकं एअरबॅगवरून सुटलं.

एक शब्द हमखास गोंधळात टाकतो. रिपोर्टमध्ये ‘हायब्रिड थ्री’ असं वाचून ती गाडीची आवृत्ती आहे असं नवख्यांना वाटतं. ते डमीचं नाव आहे. जनरल मोटर्सने १९७० च्या दशकात तयार केलेली ही बाहुली प्रौढ पुरुषाच्या आकाराची, सुमारे ७८ किलोची असते. तिचा पेट्रोल-विजेशी काही संबंध नाही.

शेवटी टक्के. २००९ ते २०२५ या काळात युरो एनकॅपचा एकूण स्टार या चार भागांतून यायचा: प्रौढ प्रवासी, लहान मुलं, पादचारी-सायकलस्वार आणि सुरक्षा-साहाय्य यंत्रणा. चौथ्या भागात आपोआप ब्रेक लावणारी किंवा लेनमध्ये ठेवणारी यंत्रणा मोजली जायची. ती असावीच, पण डबा किती मजबूत आहे ते तुम्हाला प्रौढ आणि मुलांच्या टक्क्यांवरूनच कळेल. दोन गाड्यांचे स्टार सारखे असतील तर हे दोन आकडे शेजारी लिहा. पादचाऱ्यांचा आकडा हायब्रिडच्या बाबतीत सोडून देऊ नका. हळू जाताना ही गाडी विजेवर, जवळजवळ आवाज न करता चालते. आयआयएचएसच्या शाखेलाच असंही आढळलं होतं की पादचारी जखमी होण्याचे अपघात हायब्रिडकडून २० टक्क्यांपर्यंत जास्त होतात. त्यानंतर कमी वेगात कृत्रिम आवाज काढण्याचे नियम अनेक देशांत आले. तुमच्या गाडीत तशी यंत्रणा आहे का ते विचारा.

पायरी ५: बाजूची आणि मागची धडक

समोर चुरगळायला हातभर नाक असतं. बाजूला दरवाज्याची जाडी, एवढंच. म्हणून बाजूच्या चाचणीचा निकाल वेगळा वाचायचा. यात एक सोय आहे: गाडीवर येऊन आदळणारा गाडा सगळ्या गाड्यांसाठी सारख्याच वजनाचा असतो, त्यामुळे बाजूच्या धडकेचे निकाल लहान-मोठ्या गाड्यांमध्ये ताडून बघता येतात. आयआयएचएसने २०२१ पासून हा गाडा १९०० किलोचा आणि वेग ताशी ६० किलोमीटर केला. आधी ते १५०० किलो आणि ५० होते. छोट्या गाडीला या नव्या चाचणीत ‘गुड’ मिळालं असेल तर ते खरंच कौतुकाचं आहे.

खांबाची चाचणी वेगळी. ताशी ३२ किलोमीटर ऐकायला कमी वाटतं, पण सगळा जोर सुमारे २५ सेंटिमीटर रुंदीच्या लोखंडी खांबावर, ड्रायव्हरच्या डोक्याच्या रेषेत येतो. इथे पडद्यासारखी उलगडणारी कर्टन एअरबॅग नसेल तर डोकं थेट खांबाला लागतं. घेताय त्या आवृत्तीत कर्टन एअरबॅग नसेल तर वरची आवृत्ती घ्या, मग रंग आणि चाकं मनासारखी नसली तरी चालेल.

मागून ठोकण्याबद्दल बहुतेक स्टार-कार्यक्रम फार थोडं सांगतात. ते सीट एका घसरगाडीवर लावून मानेला बसणारा हिसका मोजतात. अख्खी गाडी मागून आदळवत नाहीत. अमेरिकेच्या नियमांत मात्र ताशी ८० किलोमीटर वेगाने मागून, ७० टक्के रुंदीवर गाडा आदळवून इंधनगळती तपासतात. छोट्या हायब्रिडमध्ये पेट्रोलची टाकी आणि बॅटरी दोन्ही मागच्या भागात दाटीने बसवलेल्या असतात. बॅटरी मागच्या सीटखाली, दोन्ही चाकांच्या मधल्या भक्कम भागात असेल, तर ती डिकीच्या टोकाला असण्यापेक्षा बरी. पहिल्या पायरीतली नोंद इथे बघा.

पायरी ६: आता बॅटरी

फुल हायब्रिडमधल्या जास्त दाबाच्या तारा नारिंगी वेष्टनात असतात. बॅटरीच्या पेटीतच मोठे रिले, म्हणजे विजेने चालणारे स्विच, असतात आणि ते चालू राहायला सतत नियंत्रणाचा प्रवाह लागतो. तो तुटला की ते उघडतात, म्हणजे जोडणी तोडतात. धडकेत एअरबॅगला जो संदेश जातो तोच यांनाही जातो. रिले उघडले की बॅटरीतली वीज पेटीतच राहते आणि नारिंगी तारा पुढे कोरड्या पडतात. बॅटरीची वीज मोटरजोगी करणाऱ्या इन्व्हर्टरमध्ये, त्यातल्या वीज साठवणाऱ्या कपॅसिटरमध्ये, उरलेली वीजही काढून टाकली जाते. नियम असा की धडकेनंतर थोड्याच वेळात दाब ६० व्होल्ट डीसी किंवा ३० व्होल्ट एसीच्या खाली यायला हवा, नाहीतर इन्सुलेशन किंवा आवरण शाबूत आहे हे सिद्ध करायला हवं. त्यामुळे अपघातग्रस्त हायब्रिडला हात लावला की शॉक बसतो, ही समजूत सोडून द्या.

तरी बॅटरीकडे अगदीच दुर्लक्ष का करू नये, ते शेव्हरोले व्होल्टने दाखवलं. २०११ च्या मे महिन्यात या प्लग-इन गाडीची खांबाची चाचणी झाली. निकाल उत्तम आला. गाडी आवारात उभी करून ठेवली आणि सुमारे तीन आठवड्यांनी तिने पेट घेतला. धडकेत बॅटरीच्या पेटीला इजा होऊन आतलं थंड ठेवणारं द्रव गळलं होतं, आणि बॅटरी चार्ज असलेलीच राहिली होती. चौकशी जानेवारी २०१२ मध्ये संपली. कंपनीने बॅटरीभोवतीचा सांगाडा मजबूत केला आणि द्रवाची पातळी बघणारा सेन्सर बसवला. आतल्या माणसाला त्या धडकेत पूर्ण संरक्षण होतं. धोका नंतर, उभ्या गाडीत तयार झाला. म्हणून रिपोर्टमध्ये ‘बॅटरीच्या पेटीत घुसखोरी नाही’ किंवा ‘विद्युत सुरक्षेत त्रुटी आढळली नाही’ अशा अर्थाचं वाक्य शोधा, आणि जोरात ठोकलेली हायब्रिड घराला खेटून किंवा बंद गॅरेजमध्ये कधीही ठेवू नका. मोकळ्यावर, आसपासच्या वस्तूंपासून १५ मीटर लांब ठेवावी.

पायरी ७: गाडीत बसून अर्धा तास

ड्रायव्हरच्या सीटवर बसा. छाती आणि स्टेअरिंगचा मधला भाग यांत किमान २५ सेंटिमीटर अंतर ठेवून पेडल पूर्ण दाबता येतात का? उंची कमी असलेल्यांनी हे स्वतः करून बघावंच, कारण एअरबॅग सेकंदाच्या सुमारे तीसाव्या भागात फुगते आणि जवळ बसणाऱ्यालाच तिचा फटका बसतो. हेडरेस्टची वरची कड डोक्याच्या माथ्याएवढी वर येते का? बेल्टचा खालचा पट्टा पोटावर न येता कमरेच्या हाडांवर बसतो का? मग मागे जा. तिन्ही जागांना खांद्यावरून येणारा बेल्ट आणि हेडरेस्ट आहे ना ते बघा, आणि मुलांची सीट सोबत नेऊन आयसोफिक्सच्या कड्यांत प्रत्यक्ष अडकवून बघा. मागच्या सीटखाली बॅटरी असल्याने काही गाड्यांत सीटची उंची आणि उतार बदलतो. सीट डुगडुगत असेल तर ती गाडी तुमच्या मुलाच्या सीटसाठी नाही.

जुनी हायब्रिड घेत असाल तर दोन गोष्टी जास्त. गाडी सुरू करताना एअरबॅगचा दिवा पेटून काही सेकंदांनी विझला पाहिजे. मुळीच न पेटणं हीसुद्धा वाईट खूण आहे, कारण दिवाच काढून टाकलेला असू शकतो. आणि चासी नंबर टाकून एअरबॅग किंवा बॅटरीसाठी कंपनीने गाडी परत बोलावली होती का, ते तपासा. नारिंगी तारांवर काळी टेप गुंडाळलेली दिसली तर मी सौदा तिथेच थांबवेन.

पायरी ८: धडक बसलीच तर

गाडी शांत आहे म्हणजे बंद आहे असं समजू नका. डॅशबोर्डवर ‘रेडी’ लिहिलेलं असेपर्यंत ती कधीही हलू शकते. हलक्या धडकेत एअरबॅग उघडत नाहीत आणि मग रिलेही आपोआप उघडले नसण्याची शक्यता असते. म्हणून हँडब्रेक लावा, गिअर पार्कमध्ये टाका, पॉवर बटण दाबून ‘रेडी’ विझल्याची खात्री करा आणि चावी गाडीपासून दूर न्या. तुटलेल्या नारिंगी तारेला किंवा फुटलेल्या पेटीला हात लावू नका. धूर, शिट्टीसारखा आवाज किंवा वेगळा वास आला तर सगळ्यांना घेऊन लांब जा.

बचाव पथकासाठी प्रत्येक मॉडेलचं एक पानी रेखाचित्र असतं: बॅटरी कुठे, तारा कुठून जातात, कुठे कापायचं आणि कुठे नाही. युरो एनकॅपचं ‘युरो रेस्क्यू’ हे अ‍ॅप अशीच पानं देतं. तुमच्या गाडीचं पान छापून ड्रायव्हरच्या सनव्हायझरमागे ठेवा. आणि मदतीसाठी फोन कराल तेव्हा जागा सांगून झाली की पुढचं वाक्य हे असू द्या: ‘गाडी हायब्रिड आहे, बॅटरी मागच्या सीटखाली आहे, पॉवर बंद केली आहे.’